दोनदा टोचून झालं, आता थांबा

प्रश्न : माझं वय ४६. ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी रक्त द्यावं लागतं. माझी शीर कुणालाच पटकन सापडत नाही. मागच्या वेळी दोन्ही हात मिळून पाच वेळा टोचलं. एकदा तर सुई आत ठेवूनच इकडेतिकडे फिरवली. शेवटी पंजावरून रक्त निघालं, पण तोवर मला घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हात पंधरा दिवस काळानिळा होता. मी दर वेळी उपाशीपोटी, पाणीही न पिता जाते. ‘हात सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या’ असं सगळे सांगतात, पण त्याने उलट जास्तच गरगरतं. आता सुईच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो. खरं सांगायचं तर मागच्या दोन तपासण्या मी टाळल्या. काय करू? – एक वाचक

उत्तर :

ताई, आधी त्या टाळलेल्या तपासण्यांचं बोलू. मेथोट्रेक्सेटमुळे रक्तपेशी तयार होण्याचं काम मंदावू शकतं, यकृतालाही त्रास होऊ शकतो. असं काही सुरू झालं तर ते बहुतेक वेळा अंगाला जाणवण्याआधी रिपोर्टात दिसतं, म्हणून तर ही तपासणी. तेव्हा डॉक्टरांना आजच फोन करा आणि दोन वेळा चुकल्याचं स्पष्ट सांगा. पुढची गोळी घ्यायची की रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं, हे त्यांना ठरवू द्या. मात्र तोंडात फोड, ताप, घसादुखी, नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला, दम लागणं किंवा काही न लागता अंगावर उठणारे काळेनिळे डाग, यातलं काहीही असेल तर गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे ‘उपाशीपोटी, पाणीही न पिता’. हे हाल बहुधा विनाकारण चालले आहेत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांचं मुख्यतः रक्तपेशींची मोजणी म्हणजे सीबीसी, यकृताची एन्झाइम्स आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन एवढंच बघतात. यातल्या एकालाही उपाशी राहावं लागत नाही. उपाशीपोटी लागते ती फास्टिंग शुगर, आणि कधी कधी कोलेस्टेरॉलसोबतचे ट्रायग्लिसराइड्स. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी किंवा थायरॉइडची टीएसएच यांनाही उपासाची गरज नसते. लॅबमध्ये सरसकट सगळ्यांना ‘सकाळी उपाशी या’ असं सांगतात, ते त्यांच्या सोयीचं असतं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते दाखवून ‘यातल्या कशाला उपास लागतो?’ असं विचारून घ्या. आणि खरोखर उपास लागत असला, तरी साधं पाणी चालतंच.

पाण्याने फरक का पडतो? शीर म्हणजे पातळ भिंतीची, आतल्या रक्तामुळे फुगून राहणारी नळी. रात्रभर पाणी नसलं की रक्ताचं एकूण आकारमान थोडं घटतं, शीर चपटी पडते आणि सुई एका भिंतीतून शिरून समोरच्या भिंतीतून बाहेर पडते. रक्त द्यायच्या आधीच्या दीड-दोन तासांत दोन मोठे ग्लास, म्हणजे साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर पाणी प्या. चक्कर टाळायलाही त्याची मदत होते. रक्तदात्यांना रक्त देण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यायला सांगतात ते याचसाठी. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

उपास नाही म्हटल्यावर सकाळी सातला रांगेत उभं राहण्याचंही कारण उरत नाही. संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असतात, कोपर पूर्ण सरळ होत नाही, मूठ वळवत नाही. दुपारची वेळ घ्या. सांधे मोकळे झालेले असतात, पोटात अन्न असतं, आणि सकाळची झुंबड ओसरल्यामुळे समोरच्या माणसालाही घाई नसते. कोपर तरीही सरळ होत नसेल तर गुंडाळलेला टॉवेल खाली ठेवायला सांगा. कुणी हात दाबून सरळ करू लागलं तर करू देऊ नका.

दुसरी तयारी उबेची. थंडीत आणि भीतीत त्वचेजवळच्या शिरा आकसतात. जाताना लांब बाह्यांचं काहीतरी घाला, आणि पाळी यायच्या आधी पाचेक मिनिटं कोपराच्या आतल्या बाजूला कोमट पाण्यात पिळलेला रुमाल किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवा. साधारण ४० अंश सेल्सिअस पुरे, म्हणजे हाताला छान ऊब वाटली पाहिजे, चटका बसता कामा नये. त्यानंतर हात मिनिटभर खाली लोंबता सोडा, म्हणजे रक्त खाली उतरून शीर भरते. शिरेवर चापट्या मारायची गरज नाही. त्याने दुखतंच, आणि कधी कधी शीर उलट आकसते. त्याआधी सिगारेट ओढणंही नको, निकोटिनने शिरा आवळतात.

आता खुर्चीत बसल्यावर. पट्टा बांधायच्या आधीच बोला. सुई हातात घेतल्यावर सांगितलेलं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. चारच गोष्टी सांगायच्या : माझ्या शिरा अवघड आहेत, मला चक्कर येते, मला झोपूनच रक्त द्यायचंय, आणि मागच्या वेळी पंजावरून मिळालं होतं. रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि छोट्याशा टोचण्यानेही मोठा डाग पडतो. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी शस्त्रक्रियेत काढल्या असतील तो हात शक्यतो वापरत नाहीत, आणि डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी धमनी आणि शीर मुद्दाम जोडून केलेली जागा) असलेला हात तर कधीच नाही. सलाइन चालू असलेल्या हातातूनही रक्त घेऊ नये, सलाइन मिसळून रिपोर्ट चुकतो.

चांगला टेक्निशियन डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवतो. निळी दिसणारी शीर बहुतेक वेळा वरवरची आणि बारीक असते. चांगली शीर दिसत नाही, पण बोटाखाली रबरासारखी दबते आणि उसळून वर येते. कडक दोरीसारखं लागतं तो स्नायूबंध, ठोके लागतात ती धमनी. कोपराच्या मध्यावरची शीर पहिली पसंत, नंतर अंगठ्याच्या बाजूची, आणि करंगळीच्या बाजूची अगदी शेवटी, कारण तिच्या शेजारूनच धमनी आणि मोठी चेतातंतूची दोरी जाते. कोपरात काही लागलं नाही तर पंजाची पाठ. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे आपण नाडी बघतो, तिथे टोचायला निघाले तर सरळ नाही म्हणा. तिथे चेतातंतू, धमनी आणि स्नायूबंध एकमेकांना खेटून असतात.

पट्टा टोचायच्या जागेच्या चार बोटं वर बांधतात आणि तो एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये. शोधाशोध लांबली तर सोडावा, दोन मिनिटं हात मोकळा ठेवावा आणि पुन्हा बांधावा. जास्त वेळ बांधलेल्या हातातलं रक्त दाट होतं, त्यात मूठ सारखी उघड-मीट केली तर पोटॅशियम खोटं वाढतं. म्हणून मूठ फक्त अलगद मिटायची. तुमच्या बोटांना तेही जमत नसेल तर मऊ चेंडू किंवा रुमालाची गुंडाळी नुसती हातात धरा.

स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर तिथली जागा वाळू द्यायला हवी, साधारण अर्धं मिनिट. ही एवढीशी गोष्ट घाईत राहून जाते. टोचताना जी चुणचुण आणि आग होते ती पुष्कळदा सुईची नसते, ओल्या स्पिरिटची असते. ‘जरा वाळू द्या ना’ एवढं म्हणायला काही हरकत नाही. पुसल्यावर त्या जागी पुन्हा बोट लावलं तर पुन्हा पुसायला सांगा.

सुयांचं थोडं समजून घ्या, कारण ‘बारीक सुई वापरा’ हा हट्ट कधी अंगाशी येतो. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. नेहमीची २१ नंबरची, साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची. पंजासाठी आणि नाजूक शिरांसाठी २३ नंबरची बटरफ्लाय, म्हणजे दोन पंख आणि लवचीक नळी असलेली, जाडी साधारण ०.६ मिलिमीटर. तुमच्यासाठी हीच मागा. २५ नंबरपर्यंत मात्र जाऊ नका. तेवढ्या बारीक भोकातून रक्त जोरात ओढलं की पेशी फुटतात, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासणीतलं एएसटी हे एन्झाइम खोटं वाढून येतं किंवा नमुनाच बाद होतो. मग पुन्हा टोचणं आलंच. तुम्हाला यकृताच्या आकड्यांसाठीच तर रक्त द्यायचंय.

कधी सुई बरोबर शिरेत जाते, नळीत थोडं रक्त दिसतं आणि थांबतं. याचं कारण बहुधा ट्यूब असते. नेहमीच्या ट्यूबमध्ये हवा काढून पोकळी ठेवलेली असते, ती रक्त झपकन ओढते. भरलेल्या शिरेला त्याचं काही वाटत नाही, बारीक शीर मात्र आपल्याच भिंतींनी चिकटून बंद होते, जशी पातळ कागदी नळी जोरात ओढल्यावर चपटी होते. उपाय दोन : लहान मुलांच्या छोट्या ट्यूब, किंवा सिरिंज लावून हळूहळू ओढणं. तुमच्या तीन तपासण्यांना दोनच ट्यूब लागतात, सीबीसीची जांभळ्या झाकणाची आणि बाकीच्यांसाठी दुसरी एक. लहान मुलांच्या ट्यूबमध्ये सीबीसीला अर्धा मिलिलिटर आणि दुसरीला एक मिलिलिटर रक्तही पुष्कळदा पुरतं. छोट्या ट्यूब मिळतील का, हे आदल्या दिवशी फोनवरच विचारा. फारसं कुणी विचारत नाही, त्यामुळे त्या कपाटात पडून राहतात.

शीर ‘पळते’ असं म्हणतात तेव्हा ती सैल त्वचेखाली सुईच्या टोकापासून बाजूला सरकलेली असते. टोचायच्या जागेच्या दोन-तीन बोटं खाली अंगठ्याने त्वचा ताणून धरली की ती पळत नाही. हा दोष शिरेचा नसतो, आणि तुमचा तर मुळीच नसतो.

आता शीर्षकातली गोष्ट. एका माणसाने जास्तीत जास्त दोनदा टोचायचं, तिसऱ्या वेळी दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवायचं, असा या कामातला रुळलेला नियम आहे. तो पाळायला लावणं हा उद्धटपणा नाही. दोनदा चुकल्यावर टोचणाऱ्याचाही हात थरथरायला लागतो, घाई होते, आणि तिसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा वाईट होतो. आधीच म्हणून ठेवा : ‘दोनदा नाही मिळालं तर थांबू, तुमच्या सीनियरना बोलवा, मी थांबते.’ सुई आत ठेवून अंदाजाने फिरवणं तर होऊच देऊ नका. सुई किंचित मागे-पुढे करणं ठीक, पण आडवी फिरवल्याने शिरेच्या आजूबाजूला जखम होते, पेशी फुटतात आणि चेतातंतूला धक्का लागू शकतो. तुमचे पंधरा दिवसांचे डाग बहुधा त्याचेच. बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली, तर ‘थांबा, सुई काढा’ असं लगेच आणि मोठ्याने म्हणा. अशा वेळी दात-ओठ खाऊन सहन करायचं नसतं.

दुसऱ्यालाही जमलं नाही तर? मोठ्या रुग्णालयात त्वचेखालच्या शिरा प्रकाशाने उमटवून दाखवणारं यंत्र असतं. ते वरच्या शिरांना उपयोगी, खोल शिरांना नाही. खोल शिरांसाठी सोनोग्राफी लावून सुई घालतात. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर आणि लहान मुलांच्या वॉर्डातले लोक या कामात तरबेज असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘शिरा अवघड, अनुभवी व्यक्तीने नमुना घ्यावा’ असं लिहून घ्या, दार पटकन उघडतं. बोटाला टोचून काही तपासण्या होतात, पण बोट पिळून काढलेल्या रक्तात पेशी फुटतात, त्यामुळे यकृताच्या तपासणीला तो मार्ग नेहमी चालत नाही.

तुमच्या चक्कर येण्याचा प्रकार वेगळा आहे, आणि इथेच सगळे तुम्हाला चुकीचा सल्ला देतात. इतर भीतींमध्ये छाती धडधडते, रक्तदाब वाढतो आणि माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. सुई आणि रक्ताच्या भीतीत काही जणांचा रक्तदाब आधी थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो, हृदयाचे ठोकेही मंदावतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि घाम, मळमळ, अंधारी हा क्रम सुरू होतो. अशा माणसाला ‘सैल सोडा’ म्हणणं म्हणजे उतरत्या रक्तदाबाला आणखी ढकलणं. मोठमोठे श्वास भराभर घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरणं वाढतं. तुम्हाला दीर्घ श्वासांनी जास्त होतं ते यामुळे.

यावर १९८७ मध्ये लार्स-योरान ओस्ट आणि उल्फ स्टर्नर या स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी उलटा उपाय मांडला : सैल सोडायचं नाही, आवळायचं. मांड्या, पोटऱ्या, पोट आणि ज्या हाताला टोचणार नाहीत तो हात १० ते १५ सेकंद घट्ट आवळून धरा, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग २० ते ३० सेकंद सोडा. अगदी ढिलं पडायचं नाही, नेहमीच्या स्थितीत यायचं. असं पाच वेळा. श्वास रोखून धरू नका. टोचायचा हात तेवढा सैल. दिवसातून पाच वेळा, आठवडाभर घरी सराव करा, नाहीतर ऐन वेळी पाय आवळायचे की हात हेच आठवत नाही. लॅबमध्ये पट्टा बांधायच्या आधी सुरू करा आणि बोळा लावेपर्यंत चालू ठेवा. संधिवाताने हाताची बोटं दुखत असतील तर मूठ वळू नका, मांड्या आणि पोट पुरेसं आहे. पायांची अढी घालून मांड्या एकमेकींवर दाबणंही चालतं. सांधा ठणकू लागला तर तेवढा भाग सोडून द्या. हे सगळं झोपून करा. झोपलेल्या माणसाला अंधारी आली तरी तो पडत नाही. उठायची घाई नको, पाच-दहा मिनिटं पडून, मग बसून, मग उभं राहा. आणि त्या दिवशी सोबतीला कुणीतरी असू द्या.

दुखणं कमी करायला बधिर करणारं मलम मिळतं, लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के. ते जाड थराने लावून, वर प्लास्टिकची पट्टी चिकटवून पूर्ण एक तास ठेवावं लागतं. पाच मिनिटांत काही होत नाही. आमच्या मते तुमच्यासाठी ही दुय्यम गोष्ट आहे, कारण या मलमाने शिरा काही वेळ आकसतात आणि तुमचा खरा त्रास एका टोचण्याचा नाही, पाच टोचण्यांचा आहे. लावायचंच असेल तर कोपर आणि पंजा अशा दोन जागी लावा, टोचायच्या दहा मिनिटं आधी पुसून काढा आणि मग ऊब द्या. जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी किंवा बधिर करणाऱ्या औषधाची ॲलर्जी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावं. बर्फ लावू नका, शीर आणखी दडते. सुई शिरताना एकदा खोकणं हा जुना साधा उपाय मात्र बऱ्यापैकी लागू पडतो. आधी सांगून ठेवा, नाहीतर समोरचा दचकेल. बघायचं की मान फिरवायची हे तुमच्यावर. काहींना न बघता राहिल्याने उलट जास्त भीती वाटते.

सुई निघाल्यावर हात कोपरात दुमडायची सवय सगळ्यांनाच असते, आणि काळेनिळे डाग पडतात त्याचं ते एक मोठं कारण. दुमडल्याने बोळा सरकतो आणि हात उघडताना भोक पुन्हा उघडतं. हात सरळ ठेवा, किंचित उंच धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तीन मिनिटं दाबून ठेवा. रक्त पातळ करणारं औषध असेल तर किमान पाच. चोळू नका, मधून मधून उचलून बघू नका. बोटांना जोर नसेल तर सोबतच्या माणसाला दाबायला सांगा. त्या हाताने दिवसभर जड पिशवी उचलू नका. डाग पडलाच तर पहिल्या दिवशी रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक. हिरवा-पिवळा होत एक-दोन आठवड्यांत तो जातो. जागा फुगत चालली, लाल-गरम झाली, शिरेची कडक दोरी हाताला लागायला लागली किंवा मुंग्या आणि बधिरपणा दोन दिवसांनंतरही राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांशी बोलताना आणखी एक विचारा. इतर कुणी डॉक्टर थायरॉइड, साखर किंवा आणखी काही तपासायला सांगत असतील, तर ते सगळं एकाच टोचण्यात बसवता येईल का? एखादी तपासणी मागाहून सुचली, तर लॅबमध्ये ठेवलेल्या त्याच नमुन्यावर ती पुष्कळदा होऊ शकते, पण नमुना फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून लगेच फोन करावा लागतो.

आणि रक्त नीट निघालं की घरी पोहोचायच्या आधी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : तारीख, डावा की उजवा, कोपर की पंजा, शीर नेमकी कुठे, सुईचा नंबर, ट्यूब छोट्या होत्या का, आणि घेणारी व्यक्ती कोणत्या वेळी ड्यूटीवर असते. पुढच्या वेळी काउंटरवर तेच पान उघडून समोर ठेवा.